वाचकांचे प्रश्न : ऑस्ट्रेलियाचा कुशल व्हिसा आणि ६५ गुणांच्या पुढचा हिशेब

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनीअर असून नाशिकमधील एका कारखान्यात सात वर्षे काम करीत आहे. ऑस्ट्रेलियाच्या १८९ व्हिसासाठी (राज्याच्या नामांकनाशिवाय मिळणारा स्थायी कुशल व्हिसा) ७० गुणांवर ईओआय, म्हणजे इच्छा कळवणारा प्राथमिक अर्ज, भरून वर्ष उलटले, तरी व्हिसासाठी अर्ज करण्याचे निमंत्रण आलेले नाही. पात्रतेची मर्यादा ६५ असताना असे का व्हावे? चार महिन्यांनी मला ३३ वर्षे पूर्ण होतील. पत्नी सिव्हिल इंजिनीअर आहे. एक एजंट आगाऊ रक्कम घेऊन सहा महिन्यांत निमंत्रणाची हमी देत आहे. काय करावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ६५ गुण मिळाले म्हणजे रांगेत उभे राहण्याचा हक्क मिळाला, इतकाच त्याचा अर्थ आहे. निमंत्रणे जास्त गुणांपासून खाली दिली जातात, व्यवसायागणिक कट-ऑफ बदलतो आणि गुण समान असतील तर ज्याने ते आधी गाठले त्याला प्राधान्य मिळते. त्यामुळे ७० गुणांवर नुसते थांबून राहण्याने आपली बाजू भक्कम होत नाही. उलट ईओआयची मुदत दोन वर्षांची असल्याने त्यातले निम्मे आयुष्य सरले आहे.

आपण कळवलेल्या तपशिलावरून वयाचे ३०, पदवीचे १५, अनुभवाचे १०, आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेत प्रत्येक विभागात ७ असल्याचे १० आणि पत्नीच्या इंग्रजीचे ५ असे ७० होतात. यांतले वयाचे गुण ३३ वर्षे पूर्ण होताच ३० वरून २५ वर येतील, आणि वय मोजले जाते ते निमंत्रणाच्या दिवशी, ईओआय भरल्याच्या दिवशी नव्हे. आपल्यासारख्या अनेकांचे नुकसान नेमके इथेच होते, म्हणून हे चार महिने वाट पाहण्यात घालवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सर्वांत मोठी वाढ इंग्रजीत आहे. चारही विभागांत ८ मिळवल्यास १० ऐवजी २० गुण मिळतात. लेखनाचा विभाग बहुतेकांना अडवतो, तेव्हा सराव तिथेच एकवटावा. पत्नीचा व्यवसायही त्याच व्यवसाय-यादीत असल्याने, तिचे स्वतंत्र कौशल्य-मूल्यांकन इंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेकडून अनुकूल आले, तर तिच्या बाजूचे ५ गुण १० होतात. मात्र त्याला वेळ लागतो आणि करिअर एपिसोड, म्हणजे केलेल्या कामांची वर्णने, तिने स्वतःच्या कामावरून स्वतःच लिहावे लागतात. आणखी एक वाट मराठी माणसाच्या हाताशी असूनही क्वचितच कोणी सांगते : नाटी या संस्थेची सीसीएल परीक्षा मराठीतही देता येते आणि तिचे ५ गुण मिळतात. इंग्रजी आणि मराठी बोलणाऱ्या दोघांमधील संवाद दोन्ही बाजूंनी तोंडी भाषांतरित करायचा असतो. असे दोन संवाद असून उत्तीर्ण होण्यासाठी ९० पैकी ६३ गुण आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९ गुण लागतात. घरात अस्खलित मराठी बोलणाराही दवाखाना, विमा, न्यायालय यांच्या शब्दांपाशी अडखळतो, म्हणून तयारी हवीच. अनुभवाची आठ वर्षे भरल्यावर आणखी ५ गुण वाढतील.

१८९ शिवाय दुसरा मार्ग राज्याच्या नामांकनाचा आहे. १९० या स्थायी व्हिसासाठी त्याचे ५ आणि ४९१ साठी १५ गुण मिळतात. ४९१ हा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा असून प्रादेशिक भागात किमान तीन वर्षे राहून अटी पूर्ण केल्यावर १९१ या स्थायी व्हिसासाठी अर्ज करता येतो. 'प्रादेशिक' म्हणजे ओसाड खेडे ही समजूत सोडून द्यावी, कारण सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन वगळता पर्थ, अॅडिलेड, कॅनबेरा ही शहरेही त्यात येतात. मात्र राज्यांच्या याद्या आणि अटी निरनिराळ्या असतात व बदलत राहतात. त्या त्या राज्याच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात.

एजंटाच्या हमीला मात्र स्पष्ट नकार द्यावा. निमंत्रण ऑस्ट्रेलियाचे सरकार देते, त्याची हमी कोणालाही देता येत नाही, आणि ईओआय भरायला शुल्कही नाही. मदत हवीच असेल, तर नोंदणीकृत मायग्रेशन एजंटाचा नोंदणी क्रमांक विचारून तो सरकारी नोंदवहीत तपासावा. भारतात बसून सल्ला देणाऱ्यावर अशी नोंदणी बंधनकारक नाही, त्यामुळे चौकशीची जबाबदारी आपल्यावरच येते.

प्रश्न : माझी पहिली कंपनी बंद पडल्यामुळे तीन वर्षांचे अनुभवपत्र मिळत नाही. सल्लागार 'तयार' पत्र देतो म्हणतात. घ्यावे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : कृपा करून घेऊ नका. खोटा कागद आढळल्यास व्हिसा नाकारला जातोच, शिवाय पुढील तीन वर्षे बहुतेक व्हिसांचे दरवाजे बंद होतात आणि अर्जात समाविष्ट असलेल्या जोडीदारालाही त्याचा फटका बसू शकतो. आपला अनुभव खरा आहे, तर त्याच्या खुणाही कुठे ना कुठे असणारच : नियुक्तिपत्र, पगारपत्रके, फॉर्म १६, पीएफचे पासबुक, पगार जमा झाल्याच्या बँकेतील नोंदी. त्यांच्या जोडीला तेव्हाच्या वरिष्ठांना गाठून पद, कालावधी, आठवड्याचे तास आणि प्रत्यक्ष कामे नमूद करणारे सहीचे निवेदन घ्यावे, आणि कंपनी बंद पडल्याचा पुरावाही सोबत जोडावा.