कंट्रोलच्या दुकानापासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या वाचनालयात ‘दुसऱ्या महायुद्धातलं आपलं गाव’ असा कार्यक्रम घ्यायचाय, पण समितीतली मंडळी म्हणतात, इथं ना बॉम्ब पडला ना फौज आली, मग तासभर बोलणार काय? सातारा-सांगली भागातल्या लहान वाचनालयांत मी काही वर्षं असे कार्यक्रम करतोय. बोलायला इतकं निघतं की तास पुरत नाही. ते बहुतेक घराघरांत पडून आहे, म्हणून कुणाला दिसत नाही एवढंच.

पहिल्या वेळी मी चुकलो होतो. हिटलर पोलंडमध्ये शिरला तिथून सुरू केलं, भिंतीवर नकाशा लावला. अर्ध्या तासात मागच्या बाया धारा काढायची वेळ झाली म्हणून उठल्या. जाताना एक आजी थांबून म्हणाल्या, “तवा आमच्यात राकेल मिळत नव्हतं, त्ये काय तुमी सांगितलं न्हाई.” तेव्हापासून मी राकेलपासूनच सुरू करतो.

तुम्हीही तसंच करा. रेशनच्या दुकानाला आपल्याकडची जुनी माणसं अजून ‘कंट्रोल’ का म्हणतात, हे समोरच्यांना विचारा. हा शब्द लढाईच्या वर्षांनीच आपल्या तोंडी बसवला. १९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारं राकेल आणि रंगूनचा तांदूळ, दोन्ही तुटलं. कोकण आणि मुंबई त्या तांदळावर बऱ्याच अंशी अवलंबून होती. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. त्याच वर्षी कापडावर नियंत्रण आलं. गावात धान्याची लेव्ही सुरू झाली. म्हणजे खळ्यावर रास पडली की सरकारचा वाटा आधी मोजून द्यायचा. लेव्हीचा विषय काढला की म्हातारी माणसं सरसावून बसतात. पोती कुठं लपवली होती, कडब्याच्या गंजीत की बळदात, हे सत्तर-ऐंशी वर्षांनीही आवाज खाली आणून सांगतात.

दुसरी गोष्ट, कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी गावात सांगून ठेवा की त्या काळची कुठलीही वस्तू घेऊन या. भोकाचा पैसा हमखास येईल. तांबं वाचवायला सरकारनं १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा काढला, आधीच्या पैशाच्या निम्म्याहून हलका. एका आजींनी आणलेला मी हातात घेऊन पाहिलाय. एका बाजूला मुकुट आणि १९४४ साल, भोकाची कड आतून झिजून गुळगुळीत झालेली, कारण त्यांच्या धाकट्या भावाच्या करदोट्यात तो दोन-तीन वर्षं ओवलेला होता. मी तो पोरांच्या हातातून फिरवला. चांदीचा रुपया आणला कुणी, तर त्यावरचं साल बघा. १९४० मध्ये रुपयातली चांदी जवळपास ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली गेली. जुने रुपये लोकांनी का पुरून ठेवले ते या एका आकड्यावरून पोरांना कळतं.

घड्याळाचंही जरूर सांगा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ देशातलं घड्याळ तासभर पुढं होतं. शाळा, कचेरी, आगगाडी नव्या वेळेनं आणि गुरं-वासरं सूर्यावर. १५ ऑक्टोबरला आपण वाचनप्रेरणा दिन करतोच, तुमच्या कार्यक्रमाला तो दिवस फार चांगला आहे.

यानंतर येतो तो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याला घाई करू नका. त्या युद्धात हिंदी फौज पंचवीस लाखांवर गेली, सगळी भरतीची, सक्तीची नव्हे. मराठा पलटणी आफ्रिकेत इरिट्रियातल्या केरेनला, इटलीत, ब्रह्मदेशात लढल्या. माणगावजवळच्या पळसगावच्या यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक मिळालं. अहिल्यानगर (तेव्हाच्या नगर) जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनाही ते १९४५ मधल्या पराक्रमासाठी मिळालं, त्यांना मात्र जिवंतपणी. ही नावं घ्याच. पण पलटणीत गेलेल्याच्या मागं घर कुणी चालवलं, हे विचारल्याशिवाय तुमचा विषय पुरा होत नाही. मनीऑर्डर सासऱ्याच्या नावानं यायची की बायकोच्या? पत्र वाचून कोण दाखवायचं? बहुतेक ठिकाणी मास्तर किंवा पोस्टमन. म्हणजे नवऱ्याचं पत्र बाईनं परक्याच्या तोंडून, चारचौघांत ऐकायचं, आणि उत्तरही त्यालाच सांगून लिहून घ्यायचं. त्यात सेन्सॉरमुळं नवरा कुठल्या मुलखात आहे तेही कळायचं नाही. हे सांगणाऱ्या लेकी-सुना अजून आहेत, पण किती दिवस? १९४४ ला दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या पुढं आहे.

आमच्या भागात अजून एक नाजूक जागा आहे. त्याच वर्षांत इथं नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्धचं भूमिगत समांतर सरकार चालू होतं. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली, ती याच मुलखात. एक भाऊ पलटणीत आणि दुसरा भूमिगत, असं घर तुमच्या गावातही निघू शकेल. एकाला देशभक्त आणि दुसऱ्याला सरकारचा चाकर ठरवायला बसू नका. भरती झालेला पोटासाठी गेला होता आणि त्याच्या पगारावर भूमिगताचीही भाकरी होत होती, असं एका घरात मी ऐकलंय. दोन्ही घरची माणसं समोर बसलेली असतात, याचं भान ठेवा.

मुंबईला गोदीत किंवा गिरणीत माणसं असतील तर १४ एप्रिल १९४४ ही तारीख विचारा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्यानं भरलेली फोर्ट स्टिकीन बोट स्फोटात उडाली तो दिवस. कोल्हापूरच्या बाजूचे असाल तर वळिवड्याची पोलिश छावणी आहे. पाचेक हजार पोलिश निर्वासित तिथं १९४३ ते १९४८ राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त.

कागद कुठं मिळतील, हेही विचारलंय तुम्ही. शाळेचं जनरल रजिस्टर बघा, १९४२ नंतर मुंबईहून आलेल्या मुलांची नावं अधेमधे सापडतात. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक मागा, त्यात जन्म-मृत्यू आणि मृत्यूचं कारण असतं. मोडीत असेल तर वाचणारा आधी गाठा. गाव तेव्हा इंग्रजी मुलखात होतं की औंध, फलटण, सांगलीसारख्या संस्थानात, हे पहिल्यांदा पक्कं करा, नाहीतर भलत्याच कचेरीत खेटे घालाल. आणि युद्धात गेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव आणि गावही असतं. स्पेलिंग मात्र साहेबानं कानाला आलं तसं लिहिलेलं, त्यामुळं गावाचं नाव चार-पाच तऱ्हांनी टाकून बघा.

वेळ दुपारी तीनची ठेवा, म्हणजे बायका येतील. बाजाराचा दिवस टाळा. तुम्ही वीस मिनिटं बोला आणि माइक खाली द्या. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन एका वहीत उतरवून ती वाचनालयाच्या दाखलनोंद पुस्तकात चढवा, पुस्तकासारखा क्रमांक देऊन. नाहीतर पुढच्या समितीत ती रद्दीत जाते.

एका गावात असंच नाव शोधताना रंगून मेमोरियलवर, म्हणजे ब्रह्मदेशातल्या, कबर न सापडलेल्या सैनिकांच्या स्मारकावर, सत्तावीस हजारांच्या आसपास नावांत, एका आजींच्या वडिलांचं नाव निघालं. बापाचं नाव आणि गाव दोन्ही जुळलं. घरी त्यांची तिथी कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून सर्वपित्रीला पान ठेवायचे. नोंदीत तारीख होती. आजींनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली, मग नातवाला म्हणाल्या, पंचांग काढ आणि तिथी बघ.