‘आपलं तिथे काय आहे?’ असं विचारणाऱ्या रॉचेस्टरच्या ताईंना

मिनेसोटातल्या रॉचेस्टरहून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. काळज्या तीन आहेत, पण माझं मन पहिलीवरच अडलं. त्या लिहितात: “नातीनं यंदा हिस्टरी डे या शाळकरी मुलांच्या इतिहासाच्या स्पर्धेत राज्यापर्यंत मजल मारली. तेव्हापासून ह्यांनी धरून ठेवलंय, मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीला ५,००० डॉलर द्यायचे. मी म्हणते, ती इथल्या लोकांची संस्था. आपलं तिथे काय आहे? इतिहासालाच द्यायचे तर पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळाला द्यावेत.”

ताई, रागावू नका, पण ४१ वर्षं तिथे काढून अजून ‘इथले लोक’ म्हणजे दुसरे कुणीतरी? दारातला बर्फ फावड्यानं उपसलात, मुलं तिथल्या शाळांत वाढवलीत, घराचं कर्ज फेडलंत. आणखी किती वर्षं राहिलं की माणूस तिथला होतो?

तिथे आपलं काय आहे, ते सांगते. ही सोसायटी १८४९ सालची, म्हणजे मिनेसोटा राज्य होण्याच्याही नऊ वर्षं आधीची. तिच्या संग्रहात ह्मोंग, सोमाली, तिबेटी लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत, तशा भारतातून आलेल्यांच्याही आहेत. १९६५च्या स्थलांतर कायद्यानं अमेरिकेचं दार उघडल्यावर जी माणसं आली, त्यांच्या तोंडून त्यांचीच हकिगत. तुमची नात ज्या स्पर्धेत उतरली, ती मिनेसोटात भरवणारीही हीच संस्था. घरात एवढा आनंद ज्यांच्यामुळे आला, त्यांना परकं कसं म्हणता?

पुण्याच्या मंडळाचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून बोलते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांतली दप्तरं का गोळा करत होते? घरच्यांना त्यांची किंमत कळत नव्हती आणि कागद वाळवी खात होती. त्या तळमळीतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड झाले, १९१० साली मंडळ उभं राहिलं. आज आपली दप्तरं मिनेसोटातल्या एडन प्रेरी आणि वुडबरीच्या घरांच्या तळघरांत पडली आहेत. त्यांच्यासाठी कोण हिंडणार आहे?

आमच्या घरचंच घ्या. माझे मोठे दीर १९६९ साली अमेरिकेत आले, वेगळ्या राज्यात राहिले. ते गेल्यावर मुलांनी दोन दिवसांत घर रिकामं केलं. चौदा खोकी कचऱ्याच्या गाडीत गेली. त्यात सासऱ्यांची पत्रं होती, तिथल्या पहिल्या गणेशोत्सवाचा जमाखर्च होता, हातानं लिहून सायक्लोस्टाइल केलेले दिवाळी अंक होते. मुलांना दोष देत नाही, त्यांना देवनागरी वाचताच येत नव्हती. आम्ही तेव्हा पुण्यात होतो. आजही ती खोकी डोळ्यांसमोर येतात.

म्हणून ताई, ह्यांना अडवू नका. फक्त एक पथ्य पाळायला सांगा: देणगीला अट घालू नका. हे मी ठेच लागून शिकले. एका ग्रंथालयाला आम्ही पैसे दिले, ‘फक्त मराठी पुस्तकांसाठी’ असं लिहून. मराठी जाणणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या आणि पैसे कित्येक वर्षं तसेच पडून राहिले. नावाची पाटी, नावाचं कपाट यांचा मोह आपल्याला फार. पण खोक्यातल्या कागदांची यादी करणारा माणूस, खोलीतली थंड-कोरडी हवा, मुलांसमोर उभी राहणारी शिक्षिका, यांच्या पगाराला आणि खर्चाला पाटी लागत नाही. संस्थेला जिथे गरज असेल तिथे वापरू द्या.

“सरकार देतंच की,” असंही तुम्ही लिहिता. देतं. २००८ साली मिनेसोटाच्या मतदारांनी विक्रीकरात तीन-अष्टमांश टक्का वाढ मान्य केली, त्यातला काही भाग कला आणि सांस्कृतिक वारशाला जातो. पण तो पैसा नेहमीच्या निधीला पूरक म्हणून द्यायचा, त्याच्या जागी वापरायचा नाही, असं त्या राज्याच्या घटनेतच आहे. शिवाय त्याची मुदत २०३४पर्यंतच.

आता व्यवहाराचं. यजमान ७२ वर्षांचे आहेत, आयआरए म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचतीचं खातं आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मग चेक लिहू नका. साडेसत्तरी ओलांडलेल्याला आयआरएमधून थेट संस्थेला पैसे पाठवता येतात आणि ती रक्कम उत्पन्नात धरली जात नाही. आधी आपल्या खात्यात काढून मग दिलीत, तर हा फायदा गेला. पुण्याच्या मंडळाला जरूर द्या, मीही देते. पण परदेशी संस्थेला थेट पाठवलेल्या देणगीवर अमेरिकेत करसवलत नाही, आणि तुम्ही अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर भारतात ती परकीय देणगी ठरते. अशी देणगी घ्यायची परवानगी आहे का, ते पाठवण्याआधी मंडळाला विचारा.

आणि एकदा मिनियापोलिसच्या मिल सिटी म्युझियमला जाऊन या, तेही सोसायटीचंच. १८७८ साली पिठाच्या धुळीचा स्फोट होऊन तिथली गिरणी उडाली, १८ माणसं गेली. पुन्हा बांधलेल्या गिरणीच्या पडक्या भिंतींत हे संग्रहालय आहे. माझी आई सांगलीहून आली होती तेव्हा तिला तिथे नेलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी आकडा सांगितला, तशी ती त्या भिंतीपुढे हात जोडून उभी राहिली. तिनं नाही विचारलं, आपलं इथे काय आहे म्हणून.

उरलेल्या दोन काळज्या. सासूबाईंना ऑक्टोबर संपायच्या आत परत पाठवा, त्यांची हाडं तो हिवाळा सोसणार नाहीत. आणि मुलगा मराठी बोलत नाही, तर त्या जाण्याआधी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून त्याला आजीसमोर बसवा. प्रश्न त्यानं मराठीतच विचारायचे, मोडकेतोडके का होईना. पहिला प्रश्न मी देते: “आजी, बाबा अमेरिकेला निघाले त्या दिवशी तू काय केलंस?”