काढा देऊ का हो मॅडम?

केमो चालू असलेल्या पेशंटच्या घरचे माझ्यासमोर बसले की हा प्रश्न येतोच. हळद, गुळवेल, लक्ष्मणफळाची पानं, गव्हांकुर, यातलं काहीतरी देऊ का, व्हॉट्सॲपवर आलंय कॅन्सर जातो म्हणून. खारघरला इतकी वर्षं समुपदेशन करतेय, पण याचं उत्तर नीट कसं द्यायचं ते मला कोपरखैरण्याच्या एका काकांमुळे समजलं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

काकूंना ब्रेस्ट कॅन्सर. दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू होतं आणि पाचव्या डोसच्या आधी रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतं ते, एवढं वाढलेलं की डोस पुढे ढकलला. बाहेरचं काही घेताय का असं डॉक्टरांनी विचारलं तर दोघंही नाही म्हणाले. माझ्याकडे आले तेव्हा काकांची बोटं नखांच्या कडांपर्यंत पिवळीधम्म होती. मी एवढंच विचारलं, काका, ओली हळद रोज किसता का? गप्पच झाले. मग पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली, आत हिरवट काढा, तळाशी गाळ बसलेला.

"चारला उठतो, गुळवेल ठेचतो, पानं उकळतो. सांगितलं असतं तर बंद करा म्हणाले असते." काकू हळूच म्हणाल्या, "मला जात नाही हो, पण हे एवढं करतात म्हणून पिते."

मी रागावले नाही. रागावलं की पुढच्या वेळी बाटली घरी राहते, काढा चालूच राहतो. मी म्हटलं, काका, काकूंना सलाइनमधून जातंय ना, ते मूळचं झाडाचंच आहे. अमेरिकेतल्या पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून ते काढलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, आणि हे वाणी आपल्या नंदुरबारचे! त्याची रचना 1971 मध्ये छापून आली, औषध म्हणून तिकडे मंजुरी मिळाली 1992 मध्ये. दारातली सदाफुली घ्या, तिच्यातून निघालेलं व्हिन्क्रिस्टिन ब्लड कॅन्सरच्या मुलांना आजही देतात. म्हणजे झाडात काही नाही असं कुणी म्हणतच नाहीये.

"मग साल उकळूनच का नाही देत?"

कारण ते झाड विषारी आहे, आणि शंभर वर्षांच्या झाडाची सगळी साल सोलली तरी जेमतेम एका डोसपुरतं औषध निघायचं. ते एकच द्रव्य वेगळं करायचं, शुद्ध करायचं, मग उंची-वजन बघून मिलिग्रॅममध्ये मोजायचं. काका ठाणे-बेलापूर रोडवर केमिकल कंपनीत ऑपरेटर होते, पटकन म्हणाले, "म्हणजे कच्चा माल आणि बॅच पास झालेला माल." अगदी तेच! हे वाक्य मी आता सगळ्यांना सांगते.

हळदीचंही सांगितलं. लॅबमध्ये कर्क्युमिन थेट पेशींवर टाकलं की कॅन्सरच्या पेशी मरतात हे खरंय, पण हळदीत ते असतं साधारण तीनेक टक्के आणि पोटातून रक्तात पोचतं फारच थोडं. त्यानं माणसाचा कॅन्सर बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. गुळवेलीचं म्हणाल तर 2020 मध्ये ती घेणाऱ्या 6 जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलंय. काकूंचं एसजीपीटी काढ्यानंच वाढलं असं छातीठोक नाही सांगता येत, पण पॅक्लिटॅक्सेलचा निचरा लिव्हरच करतं, मग त्याच्यावर आणखी ओझं कशाला?

हे सगळं काकांना पटलं, तरी चेहरा उतरलेलाच. मग विचारलं, काढा बंद झाला तर पहाटे चारला काय कराल? त्यावर ते रडले. बायको सुया टोचून घेतेय आणि आपण नुसतं खुर्चीत बसायचं, हे त्यांना सहनच होत नव्हतं. खरा प्रश्न हा होता, हळदीचा नव्हताच.

बाटली घेऊन आम्ही तिघंही डॉक्टरांकडे गेलो, सगळं सांगितलं, ते काही बोलले नाहीत, लिहून घेतलं. काकांना कामं दिली: रोज ताप बघायचा, वजन लिहायचं, मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने गुळण्या करून घ्यायच्या, हातापायाला मुंग्या येतात का ते विचारायचं, कारण या औषधाने येतात.

तिसऱ्या आठवड्यात रिपोर्ट खाली आला, डोस परत सुरू झाला. काकांनी दोनशे पानी वही आणली होती, रोजचं तापमान, किती वाट्या पेज, सगळं टापटीप अक्षरात. शेवटच्या ओळीत प्रश्न होता, आमटीत हळद घातली तर चालेल का? डॉक्टरांना विचारून त्याखाली मी मोठ्या अक्षरात 'हो' लिहिलं.