पांढरं जातंय म्हणून गोळ्या सोडू नकोस

ताई, मी २६ वर्षांची, मुलगी दीड वर्षाची. चार महिन्यांपासून माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या घेते. गेला पंधरवडा अंगावरून दह्यासारखं घट्ट पांढरं जातंय, खूप खाज येते, लघवीला आग होते. जंतुनाशक घातलेल्या पाण्याने रोज धुते. जाऊबाई म्हणतात, गोळ्यांची उष्णता आहे, बंद कर, नाहीतर हाडं झिजतील. नवऱ्याला सांगायची भीती वाटते, भलतंच काही मनात आणलं तर?

उत्तर :

आज रात्रीची गोळी घे. माला-एनच्या २८ गोळ्यांपैकी २१ संप्रेरकांच्या आणि शेवटच्या ७ लोहाच्या असतात. पाकीट मध्येच सोडलंस तर अवेळी रक्तस्राव होईल, दिवसही राहू शकतील, आणि खाज आहे तिथेच राहील.

पांढरं गेल्याने हाडं झिजत नाहीत. जाऊबाई काळजीपोटीच म्हणाल्या असतील, पण या धास्तीनेच किती बायका खचतात! थोडा स्राव प्रत्येकीला असतो. गोळ्यांमुळे गर्भाशयाच्या तोंडाचा आतला नाजूक थर काहींना बाहेर येतो आणि स्राव वाढतो. तो पातळ, बिनवासाचा, बिनखाजेचा असेल तर औषधही लागत नाही.

तुझं मात्र तसं दिसत नाही. घट्ट पांढरं आणि खाज म्हणजे बहुधा बुरशीचा संसर्ग. ही बुरशी एरवीही अनेकींच्या अंगात गुपचूप असते. गोळ्यांतल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे कधी तिला फावतं, कधी अँटिबायोटिकनंतर, कधी रक्तातली साखर वाढल्यामुळे. म्हणजे यात ना तुझं वागणं वाईट, ना नवऱ्याचं. त्याला अगदी हेच सांग. बरं होईपर्यंत संबंध नकोत, हेही त्याला कळायला हवंच ना?

ते जंतुनाशक आजच बंद कर. योनीमार्गातले चांगले जिवाणू तिथे आम्लता राखतात, तेच त्याने मरतात. बाहेरून साधं पाणी पुरे.

मेडिकलवाल्याला विचारून औषध आणू नकोस. बुरशी क्लोट्रिमॅझोलच्या आत ठेवायच्या गोळ्यांनी बहुतेक वेळा बरी होते. पण मासळीसारखा वास असेल किंवा हिरवट-पिवळा फेसाळ स्राव असेल, तर आजार निराळा, औषधही निराळं. ट्रायकोमोनास हा संबंधातून पसरणारा जंतू निघाला तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. गर्भनिरोधक गोळ्या असा संसर्ग अडवत नाहीत. त्याला कंडोमच हवा.

ओटीपोटात दुखलं, ताप आला किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. एरवीही या आठवड्यातच जा. सरकारी रुग्णालयातही ही तपासणी होते, आणि बाई डॉक्टर हव्यात असं तू बिनदिक्कत सांगू शकतेस. गोळ्यांचं पाकीट सोबत ने. पाळीचे दिवस टाळ, आणि जाण्याआधी दोन दिवस आत कुठलंही मलम किंवा औषध घालू नकोस, म्हणजे स्राव नीट तपासता येईल.