वैद्यांना विचारा : आस्कंदाची डबी आणि थायरॉइडची गोळी

या महिन्यात आलेल्या पत्रांत झोपेची पत्रं सगळ्यात जास्त आहेत. थंडी सरली, परीक्षा तोंडावर आल्या आणि घरोघरी रात्री दिवे जळायला लागले, की दरवर्षी असंच होतं. पण यंदा एक वाक्य पत्रामागून पत्रात भेटत राहिलं : ‘नैसर्गिकच आहे, म्हणून डॉक्टरांना सांगितलं नाही.’ हे वाचलं की माझ्या पोटात धस्स होतं. एकतीस वर्षं वैद्यकी करते आहे. वनौषधींना गुण आहे म्हणूनच मी त्या देते, आणि गुण आहे म्हणूनच त्या जपून देते. तेव्हा आज तीच पत्रं घेते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय 59. नऊ वर्षांपासून सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची 75 मायक्रोग्रॅमची गोळी घेते. निवृत्तीनंतर झोप बिघडली. दहाला डोळा लागतो, तीनला टक्क जाग येते. न्यू जर्सीहून मुलगा दिवाळीला आला तेव्हा त्यानं अश्वगंधाच्या कॅप्सूलची डबी आणली, 600 मिलिग्रॅमची. पहिला महिना झोप छान लागली. आता मात्र छातीत धडधडतं, बोटं थरथरतात, वजन तीन किलो उतरलं आणि झोप पुन्हा गेली. एकाऐवजी दोन घेऊ का? *(इचलकरंजी)*

उत्तर : ताई, दुसरी घेऊ नका, आणि पहिलीही आजपासून बंद करा. थायरॉइडची गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, टीएसएच, टी-3, टी-4 आणि यकृताची तपासणी करून घ्या, ईसीजी काढायचा का तेही विचारा. छातीत दुखलं, भोवळ आली किंवा बसल्या जागी धडधड वाढली तर आठवड्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जाताना डबी पिशवीत टाका. ‘अश्वगंधा घेते’ एवढं सांगून भागत नाही, डबीवर काय लिहिलंय ते डॉक्टरांना वाचू द्या.

का सांगते ते ऐका. आपल्याकडे ज्याला आस्कंद म्हणतात तीच अश्वगंधा. काहीजणांत ती थायरॉइडची हार्मोन्स वाढवते. तुम्ही बाहेरून तेच हार्मोन गोळीतून घेताय. दोन्हीकडून भर पडली की धडधड, थरथर, वजन उतरणं आणि झोप उडणं ही लक्षणं दिसायला लागतात. तुमच्या पत्रात ही चारही आहेत. तपासणीशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण मला पहिली शंका हीच येते. क्वचित काही लोकांच्या यकृतालाही त्रास झाल्याची नोंद आहे. अंगाला खाज सुटली, लघवी गडद व्हायला लागली, डोळे पिवळे दिसले तर तेही डॉक्टरांना लगेच सांगा. झोपेच्या गोळ्या, मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं यांच्याशीही तिचं जमतंच असं नाही. गरोदरपणी तर मी ती देतच नाही.

आस्कंद मी स्वतः वापरते, त्यामुळे हे लिहिताना तिच्यावर अन्याय होऊ नये असंही वाटतं. माझ्याकडे मुळ्या येतात त्या मध्य प्रदेशातल्या नीमचच्या बाजारातल्या. चांगली मुळी करंगळीएवढी असते, मोडली तर कट्‌कन मोडते, आतून पांढरी आणि पिठूळ. ओली मुळी नाकाशी धरली की घोड्याच्या अंगाचा उग्र वास येतो, नाव पडलं ते त्यावरूनच. तिचं चूर्ण आम्ही दिवसाला तीन ते सहा ग्रॅम देतो, दुधातून, माणूस पाहून, आणि ठरावीक दिवस. तुमच्या कॅप्सूलमध्ये चूर्ण नसावं, मुळ्यांचा अर्क आटवून केलेला घन असावा. ‘एक्स्ट्रॅक्ट’ असा शब्द डबीवर शोधा. तो असेल तर 600 मिलिग्रॅम दिसायला चिमूटभर असलं तरी त्यामागे कितीतरी जास्त मुळी असते. शिवाय पानांचा प्रश्न आहे. मुळी महाग, पानं स्वस्त, म्हणून काही उत्पादक पानं मिसळतात. पानांत काही तीव्र घटक जास्त असतात. त्यामुळे 2021 मध्ये आयुष मंत्रालयानं उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं होतं. डबीवर ‘रूट’ म्हणजे मूळ असं स्पष्ट लिहिलेलं आहे का, तेही पाहा.

मुलानं प्रेमानं आणली, त्याला बोल लावू नका. अमेरिकेत अशा पूरक गोळ्या 1994 च्या कायद्याप्रमाणे विकल्या जातात आणि बाजारात येण्याआधी औषधासारखी मंजुरी त्यांना लागत नाही, हे त्यालाही कदाचित माहीत नसेल. डेन्मार्कनं तर 2023 मध्ये अश्वगंधावर बंदीच घातली. मला ती बंदी टोकाची वाटते. पण थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईनं ही कॅप्सूल कुणाला न विचारता महिनोन्‌महिने घ्यावी, हेही मला पटत नाही.

आता झोपेकडे येते. तुमचं पत्र चार पानी आहे आणि खरं कारण तिसऱ्या पानावर जाता जाता लिहिलेलं सापडलं : ‘दीडला जेवून दोन तास पडते, पाचला चहा.’ ताई, बेरीज करा. रात्री दहा ते तीन म्हणजे पाच तास, दुपारचे दोन. सात तास झाले. तुमचं शरीर आपली झोप पुरी करून उठतंय! शाळेत होता तेव्हा साडेपाचला उठणं, दिवसभर उभं राहून शिकवणं, दुपारी झोप नाही, मग रात्री अंग टाकलं की झोप. निवृत्तीनं तो सगळा दिनक्रम गेला. झोप त्यानंतरच बिघडली.

तेव्हा दुपारची झोप बंद. अगदीच डोळे मिटायला लागले तर आरामखुर्चीत वीस मिनिटं, घड्याळ लावून. वामकुक्षी म्हणजे जेवल्यावर डाव्या कुशीवर थोडं लवंडणं, पांघरूण घेऊन दोन तास झोपणं नव्हे. चरकांनीही दिवसा झोपायला मोकळीक दिली ती मुख्यतः उन्हाळ्यात, तेव्हा रात्री लहान असतात म्हणून. पाचचा चहा दोनच्या आत घ्या, कारण त्यातलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास जातात. रात्री साडेअकराच्या आधी गादीवर जाऊ नका आणि सकाळी साडेपाचला उठाच, रात्र कशीही गेली असली तरी. मध्येच जाग आली तर घड्याळ बघायचं नाही. लोळत पडायचंही नाही. उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसा, शेंगा सोला, लसूण निवडा, डोळे जड झाले की परत या. पहिला आठवडा जड जाईल, चिडचिड होईल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात झोप सलग व्हायला लागते. हे माझ्या पदरचं नाही. जुनाट निद्रानाशात गोळ्यांच्या आधी वर्तनात बदल करण्याची ही उपचारपद्धत वापरावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं 2016 मध्ये सांगितलं आहे. धडधडीचं निदान होईपर्यंत मात्र थांबा, आधी ते निस्तरू.

रात्री काही घ्यावंसं वाटलं तर म्हशीचं दूध घ्या, कपभर, कोमट. झोप आणणाऱ्या गोष्टींत चरकांनी म्हशीच्या दुधाला पहिला मान दिला आहे. तुमची गोळी सकाळची, त्यामुळे रात्रीच्या दुधानं तिला अडथळा नाही. आणि यजमानांना एक विचारा : तुम्ही घोरता का, घोरता घोरता श्वास थांबल्यासारखा वाटतो का? तसं असेल तर तो वेगळा आजार आहे, डॉक्टरांना तेही सांगा.

प्रश्न : रोज रात्री इसबगोल घेतो, तरी पोट आणखीच घट्ट झालं. *(बार्शी)*

उत्तर : पाणी कमी पडतंय. एक चमचा भुसी मोठ्या पेलाभर पाण्यात, लगेच प्यायची, वर आणखी पाणी. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास होत असेल तर मुळीच घेऊ नका.

प्रश्न : माझं बाळ तीन महिन्यांचं आहे, रात्री चार वेळा उठतं. सासूबाई म्हणतात, गुटीत जायफळाचे वेढे वाढव, सगळी मुलं तशीच वाढली. मला भीती वाटते आणि त्यांना दुखवायचंही नाही. *(नाशिक)*

उत्तर : बाळा, तुझी भीती बरोबर आहे. तीन महिन्यांच्या मुलानं रात्री चारदा उठणं हा आजार नाही. त्याचं पोट मुठीएवढं, भूक लागते, उठतं. जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध द्या असंच सांगते.

गुटीची सहाण माझ्याही माहेरी होती. हिरडा, हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड, मायफळ, जायफळ, एकेकाचे वेढे मोजून. आजी सहाणेवर आईच्या दुधाचे थेंब टाकायची, जायफळ उभं धरून एकच वेढा घ्यायची आणि उरलेलं लगेच पुसून टाकायची. तो एक वेढा आणि ती मोजणारी नजर, यावर सगळं उभं होतं. आता वेढा मोठा झाला, दाब वाढला, जायफळ ताजं निघालं, की मात्रा किती गेली हे कुणालाच सांगता येत नाही. जायफळातली द्रव्यं जास्त गेली तर मोठ्या माणसालाही तोंड कोरडं पडणं, धडधड, गुंगी, भ्रम होतो. चार-पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक अख्खं फळ, एवढ्यानंही माणसं दवाखान्यात गेली आहेत. तान्ह्या बाळाला गुंगी आली की ते दूध ओढत नाही, श्वास मंदावू शकतो, आणि घरात सगळ्यांना वाटतं ‘शांत झोपलंय’. याचीच मला धास्ती. बाळ कधी असं सुस्त, उठवूनही न उठणारं वाटलं, तर तडक दवाखान्यात ने, आणि गुटी दिली असेल तर लपवू नकोस.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव. त्यांना माझा नमस्कार सांग आणि म्हण, वैद्यबाई म्हणतात की गुटी राहू दे, संध्याकाळी बाळाला तेल लावून अंघोळ तुम्हीच घाला, तुमच्या हाताला जे वळण आहे ते माझ्या हाताला नाही. मोठ्या माणसांच्या मसाला दुधात, श्रीखंडात, पुरणात चिमूटभर जायफळ खुशाल किसा.

प्रश्न : करोनापासून रोज गुळवेलीचा काढा घेतो. वेल कुंपणावरची. चालू ठेवू? *(परभणी)*

उत्तर : थांबवा. रोज, वर्षानुवर्षं, कारणाशिवाय कुठलाच काढा घ्यायचा नसतो. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की, खरी गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात घातक आहे. त्या जातीच्या खोडावर बारीक बारीक गाठी असतात. कुंपणावरची वेल कुठली, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. यकृताची रक्ततपासणी एकदा करून घ्या, आणि घरात कुणाला संधिवातासारखा, प्रतिकारशक्ती उलटण्याचा आजार असेल तर त्यांना गुळवेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न : वय 67. घसा सारखा कोरडा, म्हणून दिवसभर ज्येष्ठमधाची काडी चघळतो, रात्री त्याचाच काढा. बीपीची गोळी (सोबत लघवी वाढवणारी) चालू असूनही बीपी 160 च्या खाली येत नाही. हल्ली जिना चढताना पाय गळतात. *(रत्नागिरी)*

उत्तर : काका, काडी आज तोंडातून काढा, आणि उद्याच रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. ज्येष्ठमध गोड लागतो तो ज्या द्रव्यामुळे, तेच द्रव्य जास्त दिवस गेलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं. बीपी चढतं, स्नायू दुबळे होतात, हृदयाचे ठोके चुकू शकतात. लघवी वाढवणाऱ्या बऱ्याचशा गोळ्याही पोटॅशियम कमी करतात. तुमच्याकडे दोन्ही एकाच वेळी चालू आहेत.

हे मी पुस्तकातून शिकले होते, पण कळलं घरी. माझ्या आईचा घसा बसला म्हणून मीच तिला ज्येष्ठमधाची पूड दिली, आठ दिवसांसाठी. बरं वाटलं, म्हणून ती घेत राहिली. पाच महिने. तिची बीपीची गोळी डॉक्टरांनी दोनदा वाढवली, मला ते ठाऊक होतं. पण पूड संपल्यावर तिनं काष्ठौषधींच्या दुकानातून पावशेर आणवली, हे मात्र मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नाही. एका सकाळी तिला पाटावरून उठता येईना. पोटॅशियम 2.6 निघालं, ते साडेतीनच्या वर असायला हवं. तीन दिवस दवाखान्यात होती. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, ‘आजी, आणखी काय काय घेता?’ ती म्हणाली, ‘औषध नाही हो, मुलीची साखरेची पूड.’ मी शेजारी उभी होते.

तेव्हापासून माझ्याकडे कुणीही आलं की पहिल्यांदा पिशवी रिकामी करायला सांगते. गोळ्या, चूर्णं, तेलं, शेजारणीनं दिलेली पुडी, सगळं टेबलावर. तुम्हीही डॉक्टरांकडे जाताना उरलेल्या काड्या, काढ्याची पूड आणि सगळ्या गोळ्या सोबत न्या. घशासाठी कोमट पाण्याच्या मिठाच्या गुळण्या चालतील, फक्त पाणी गिळू नका. आणि घसा कोरडा का पडतो, हेही शोधायला हवं. काही गोळ्यांनी तसं होतं, मधुमेहातही होतं, तेव्हा साखर तपासा. रिपोर्ट आला की मला पत्रानं कळवा. ज्येष्ठमधाची जुडी पुन्हा फडताळातून काढू नका.