हिनीच्या कवितेतले खणणे आणि तुमचा लघुप्रबंध

प्रश्न : मी इंग्रजी विषयात एम. ए. करते. लघुप्रबंधासाठी ‘शेमस हिनी : काव्यविकास आणि आशयसूत्रे’ हा विषय निवडला आहे. पुढे पीएच. डी. करायची आहे; मात्र आयरिश कवीच्या अभ्यासावर नोकरी कशी मिळणार, असे बाबा विचारतात.

उत्तर : बाबांची शंका रास्त आहे. नेट-सेटमध्ये साहित्याचा एकूण आवाका तपासला जातो, तेव्हा ती तयारी वेगळी चालू ठेवा. पीएच. डी.च्या मुलाखतीत मात्र ‘तुमचा प्रश्न कोणता?’ असे विचारतात, आणि तुमच्या शीर्षकात प्रश्नच नाही. १९६६ ते २०१० या काळातले बारा संग्रह त्यात कोंबलेले आहेत.

मी सुचवेन की, ‘खणणे’ ही एकच क्रिया धरावी. पहिल्या संग्रहातल्या ‘डिगिंग’ या पहिल्याच कवितेत खिडकीखाली वडील फुलझाडांच्या वाफ्यात खणत आहेत आणि त्यांच्या वाकण्यात मुलाला वीस वर्षांपूर्वीची बटाट्याची काढणी दिसते. मुलाच्या हाती फावडे नाही, लेखणी आहे, आणि ती बोटांत बंदुकीसारखी चपखल बसली आहे. (ही उपमा १९६६ ची, म्हणजे उत्तर आयर्लंड राजकीय हिंसाचाराने पेटण्यापूर्वीची आहे, हे विसरू नका.) ‘नॉर्थ’ या संग्रहामध्ये, १९७५ साली, तेच खणणे डेन्मार्कच्या दलदलीत टिकून राहिलेल्या लोहयुगीन मृतदेहांपर्यंत पोहोचते आणि त्यांच्या शेजारी कवी आपल्या काळातल्या हिंसाचाराचे बळी ठेवतो. अशाने हिंसेला विधीचे रूप येते, हा बेलफास्टचे कवी कियारन कार्सन यांचा आक्षेप तुम्हाला टाळता येणार नाही. आई-वडिलांच्या निधनानंतरच्या ‘सीइंग थिंग्ज’मध्ये (१९९१) नजर हवा आणि प्रकाशाकडे वळते. मग खणण्याचे काय होते? हाच तुमचा प्रश्न. ‘आधी माती, मग आकाश’ ही रूढ विभागणी मला जरा जास्तच सोयीची वाटते, कारण ‘ह्यूमन चेन’ या शेवटच्या संग्रहाच्या शीर्षक-कवितेत धान्याची पोती उचलणारे हात पुन्हा हजर आहेत.

बाबांना एवढे जरूर सांगा : हिनी स्वतः बेलफास्टमध्ये आधी शाळेत, मग अध्यापक महाविद्यालयात आणि नंतर क्वीन्स विद्यापीठात शिकवत होते. १९७२ मध्ये नोकरी सोडून ते विकलो परगण्यात ग्लॅनमोरला राहायला गेले खरे, पण तीनच वर्षांत डब्लिनच्या अध्यापक महाविद्यालयात पुन्हा शिकवू लागले.