सप्टेंबरात दर्याला कुजका वास का येतो? आणि वाचकांचे आणखी तीन प्रश्न

फोंड्याची एक विद्यार्थिनी विचारते: नद्यांचे पाणी गोडे, मग समुद्र खारा कसा?

नद्याही क्षार आणतात, फक्त जिभेला कळणार नाहीत इतके थोडे. समुद्रातले पाणी वाफ होऊन जाते, क्षार मात्र मागेच राहतात. काही क्षार समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांतूनही येतात. असे साठत साठत आज एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार आहेत. आपला अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा खारट आहे. तिकडे गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्या नद्या गोडे पाणी ओततात, तर इकडे पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त. हे तू नकाशा समोर ठेवून वाच, लगेच पटेल.

मांद्र्याचे एक रापणकार (काठावरून मोठे जाळे, म्हणजे रापण, ओढून मासेमारी करणारे): पाऊस ओसरताना कधी रापणीत मासळीचा ढीग लागतो, तर कधी पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. दर्या बिघडलाय का?

तुम्ही पाहता त्या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. पावसाळ्यात आपल्या गोव्याच्या किनाऱ्याजवळचा वारा बराचसा उत्तरेकडे झुकलेल्या पश्चिमेकडून येतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकते. त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी चढून येते. या पाण्यात खतासारखी पोषक द्रव्ये असतात. ती उजेडात आली की सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात, आणि तारल्या-बांगड्यांची पोटे भरतात ती याच साखळीवर.

पण चढणारे पाणी येते कुठून? अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसलेला एक प्रचंड थर आहे. वर येणाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी असतो. शिवाय गोव्यासमोर पावसाचे आणि नद्यांचे हलके, गोडसर पाणी तवंगासारखे वर पसरते. त्यामुळे वरची हवा खाली मिसळत नाही. वाढलेल्या वनस्पती मरून तळाशी जातात, त्या कुजवताना जिवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. मग काही जिवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेट या क्षारावर जगू लागतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. वास येतो तो त्याचाच. जी मासळी पोहून निसटू शकते ती वरच्या थरात किंवा काठाकडे येते, बाकीची गुदमरते.

म्हणजे हा प्रकार नैसर्गिक आहे. तरीही मी निर्धास्त नाही. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले डॉ. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की हा प्राणवायूचा दुष्काळ तीव्र होतोय, आणि या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात हवेत जातो. वजनाला वजन धरले तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा अडीचशे पटींहून जास्त उष्णता अडवतो. शेतातली खते आणि गटारांचे पाणी समुद्रात जाते तेव्हा आपण याच आगीत तेल ओततो. ते थांबवणे आपल्या हातात आहे, आणि त्याबद्दल ग्रामसभेत बोलायलाच हवे.

केरी, पेडणे: जूनमध्ये किनाऱ्यावरची वाळू जाते कुठे?

फार लांब नाही. उंच, लागोपाठ येणाऱ्या पावसाळी लाटा ती ओढून नेतात आणि थोड्याच अंतरावर पाण्याखाली वाळूचा दांडा तयार होतो. मोठ्या लाटा आधी त्यावर फुटतात, म्हणजे तो किनाऱ्याची राखणच करतो. पाऊस गेल्यावर संथ लाटा ती वाळू हळूहळू परत आणतात. मात्र किनाऱ्यामागच्या वाळूच्या टेकड्या सपाट केल्या की लाटांना पुरवायला साठाच उरत नाही. या टेकड्यांवरची प्रत्येक भिंत मला खुपते. आणखी एक: अशा दांड्यांमधल्या फटीतून पाणी जोरात बाहेर ओढते. कुणी त्यात सापडले तर सरळ काठाकडे झुंजू नये, आधी काठाला समांतर पोहून त्या ओढीतून बाहेर पडावे.

दिवाडी: मुंबईला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, आमच्या मांडवीत दोनच मीटर. समुद्र एकच ना?

समुद्र एकच, पण तळ वेगळा. किनाऱ्यालगतचा उथळ तळ गोव्यासमोर साधारण शंभर किलोमीटर रुंद आहे, मुंबईसमोर तो जवळजवळ तिप्पट. दक्षिणेकडून येणारी भरतीची लाट अशा रुंद उथळ पट्ट्यावर फुगते. पुढे खंबातच्या आखातात ती निमुळत्या जागेत कोंडते, म्हणून भावनगरला दहा मीटरांचाही फरक पडतो.

आपली भरती दोन मीटरची असली तरी सपाट नदीपात्रामुळे ती मांडवीत सुमारे ५० किलोमीटर आत गांजे गावापर्यंत जाणवते. खाजनांच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या) मानशी, म्हणजे पाण्याची दारे, याच ताकदीवर चालतात: ओहोटीला दार उघडते, भरतीच्या दाबाने आपोआप मिटते.

वेळेसाठी जुना हिशेब अजून उपयोगी आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हे गणित मुंबईला जास्त जुळते. आपल्याकडे भरती त्याआधी लागते, त्यामुळे होडी काढायची असेल तर मुरगाव बंदराचे कोष्टकच पाहा.